गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: दोन प्रयोगशाळा पद्धतींची तुलना कशी करावी

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर कधीतरी वरिष्ठ दोन किट समोर ठेवतात आणि सांगतात, "दोन्हींवर शंभर सॅम्पल लावून बघ आणि कोणतं बरं ते सांग." माझ्याकडेही हे काम असंच आलं होतं. मी शंभर व्हायल घेतल्या, दोन्ही किटवर चालवल्या, ९६ ठिकाणी उत्तर सारखं आलं आणि "दोन्ही पद्धती समतुल्य" असं लिहून कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला: "या शंभरांपैकी आजार असलेल्या किती होत्या?"

ते मी पाहिलंच नव्हतं. मी दोन यंत्रं एकमेकांशी ताडून पाहिली होती. ज्या बाईला उपचाराची गरज आहे ती कोणत्या पद्धतीत सापडते आणि कोणत्या पद्धतीत निसटते, हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरतं. सायटोलॉजी किंवा मॉलिक्युलर विभागात नव्याने आलेल्या तंत्रज्ञांसाठी आणि पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी ते लिहिलं आहे.

पायरी १: काय शोधायचं आहे ते एका वाक्यात लिहा

एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेक संसर्ग शरीर एक-दोन वर्षांत स्वतःच निपटून काढतं. थोड्या स्त्रियांमध्ये मात्र जास्त धोक्याच्या प्रकारांपैकी एखादा ठाण मांडून बसतो. मग गर्भाशयमुखाच्या आवरणातल्या पेशी बदलू लागतात. या बदलांना सीआयएन म्हणतात आणि त्यांचे १, २, ३ असे दर्जे आहेत. पहिला दर्जा बहुतेकदा आपोआप मावळतो. तिसऱ्या दर्जावर उपचार झाले नाहीत तर काही स्त्रियांमध्ये त्याचा कर्करोग होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असून उपचार नसतील, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो.

तपासणी जगते ती या मधल्या वर्षांवर. विषाणू पकडणं हे आपलं अंतिम काम नाही, आणि कर्करोग झाल्यावर तो पकडणं म्हणजे उशीर झाला. शोधायची आहे ती मधली अवस्था: सीआयएन२ किंवा त्याहून पुढचा बदल, आणि अधिक काटेकोरपणे सीआयएन३ किंवा पुढचा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर असं एक वाक्य हवं: "लक्षणं नसलेल्या, ३० वर्षांवरील स्त्रियांमध्ये सीआयएन२ किंवा पुढचा बदल शोधण्यात नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा (इथे तिचं नाव) कमी पडत नाही ना?" वय, लक्षणं, शोधायचा आजार आणि जुन्या पद्धतीचं नाव यातलं एक जरी गाळलं तरी पुढचे आकडे कशाबद्दल आहेत तेच कळत नाही.

इथेच नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून जरा थांबून सांगते. सेन्सिटिव्हिटी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. व्हायलमधल्या विषाणूच्या किती थोड्या प्रती यंत्राला दिसतात, ही झाली विश्लेषणात्मक सेन्सिटिव्हिटी. आजार असलेल्या शंभर स्त्रियांपैकी किती पॉझिटिव्ह येतात, ही क्लिनिकल सेन्सिटिव्हिटी. दहा प्रतीही पकडणारा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणारी पद्धत) ऐकायला उत्तम वाटतो. पण तो अशा असंख्य स्त्रियांना पॉझिटिव्ह ठरवतो ज्यांचा संसर्ग वर्षभरात आपोआप जाणार आहे. त्यांना कोल्पोस्कोपीला (भिंगाने गर्भाशयमुख बघण्याच्या तपासणीला) पाठवायचं, घाबरवायचं, बायॉप्सी घ्यायची, आणि हाती काही लागत नाही. म्हणूनच हायब्रिड कॅप्चर २ या जुन्या, नावाजलेल्या चाचणीची सीमारेषा मुद्दाम वर ठेवलेली आहे: मिलिलिटरमागे १ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे साधारण एक लाख प्रती. "आमचं किट कमीत कमी प्रती पकडतं" ही माहितीपत्रकातली ओळ तपासणीच्या कामात गुण ठरेलच असं नाही.

पायरी २: प्रत्येक पद्धत नेमकं काय बघते ते समजून घ्या

पॅप स्मिअर पेशींचं रूप बघते. पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा शोधनिबंध १९४१ चा, पण आजही काम त्याच तत्त्वावर चालतं: खरवडलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि केंद्रकाचा आकार, रंग, कडा डोळ्याने बघायच्या. पारंपरिक स्लाइडमध्ये खरा घात होतो तो पहिल्या काही सेकंदांत. स्लाइड ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली नाही तर पेशी हवेत सुकतात, केंद्रकं फुगतात आणि रंग धूसर होतो. मग निरोगी पेशी संशयास्पद दिसू लागते आणि संशयास्पद पेशी वाचताच येत नाही.

लिक्विड बेस्ड सायटोलॉजी, म्हणजे एलबीसी, यात ब्रश थेट द्रवात जातो. थिनप्रेप गाळणीच्या पडद्यावर पेशी गोळा करते. शुअरपाथ सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार रक्त आणि कचरा वेगळा करते. स्लाइड स्वच्छ येते, वाचायला वेळ कमी लागतो, न वाचता येणाऱ्या स्लाइड घटतात आणि उरलेल्या द्रवावर एचपीव्ही चाचणी करता येते. हे फायदे खरे आहेत. पण एलबीसीमुळे सीआयएन२ जास्त सापडतं, असं चांगल्या तुलनात्मक अभ्यासांतून दिसलेलं नाही. विक्रेते हे दोन मुद्दे एकाच दमात सांगतात, तुम्ही ते वेगवेगळे लिहा.

एचपीव्ही चाचणी पेशींकडे बघतच नाही, ती विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते. हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही १६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८ कर्करोगाच्या पेशींत दाखवले, आणि त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हे दोनच प्रकार असतात. बाजारातल्या बहुतेक चाचण्या १३ किंवा १४ प्रकार शोधतात, पण शोधण्याची रीत वेगवेगळी असते.

हायब्रिड कॅप्चर २ मध्ये डीएनएच्या प्रती वाढवतच नाहीत. आरएनएचे प्रोब डीएनएला चिकटतात, ती जोडी अँटिबॉडी पकडते आणि निघणाऱ्या प्रकाशाची मोजणी होते. १३ प्रकारांचं एकत्र उत्तर मिळतं, कोणता प्रकार ते कळत नाही. सॅम्पलमध्ये माणसाच्या पेशी होत्या का, हेही कळत नाही. रिअल टाइम पीसीआरवर चालणारी कोबाससारखी चाचणी विषाणूच्या एल१ जनुकाचा तुकडा वाढवते, १६ आणि १८ वेगळे सांगते, उरलेले १२ एकत्र सांगते आणि सोबत बीटा-ग्लोबिन हे मानवी जनुक बघून पेशी पुरेशा होत्या का ते तपासते. ऑनक्लॅरिटी आणि एक्सपर्ट या चाचण्या ई६ आणि ई७ या जनुकांचा डीएनए बघतात. अ‍ॅप्टिमा त्याच ई६-ई७ चा एमआरएनए शोधते. विषाणू नुसता हजर आहे की त्याची घातक जनुकं कामाला लागली आहेत, यातलं दुसरं पकडण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणून तिची स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता, थोडी सरस येते. अ‍ॅप्टिमात एक नियंत्रक असतो, पण तो बाहेरून मिसळलेला असतो. अभिक्रिया चालली की नाही हे तो सांगतो, सॅम्पलमध्ये पेशी होत्या की नाही हे सांगत नाही. हा फरक तुलनेच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा, कारण रिकाम्या व्हायलचं "निगेटिव्ह" हे सगळ्यात धोक्याचं उत्तर आहे.

पी१६ आणि केआय-६७ या दुहेरी रंगाच्या चाचणीत एकाच पेशीत दोन्ही प्रथिनं दिसली तर ती पेशी नियंत्रण सुटून विभागते आहे, असं समजतात. ही चाचणी मुख्यतः एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्यांतून कोणाला लगेच कोल्पोस्कोपीला पाठवायचं ते ठरवण्यासाठी वापरतात. तिची तुलना पहिल्या चाळणीच्या चाचणीशी करू नका, दोघींचं काम वेगळं आहे. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्याने बघण्याची व्हीआयए ही प्रयोगशाळेतली पद्धतच नाही, तेव्हा तिला इथे बाजूला ठेवते.

पायरी ३: सॅम्पलचा रस्ता आधी आखा

दोन पद्धतींना सारखं सॅम्पल मिळालं नाही तर तुलना तिथेच संपते. जुन्या अनेक अभ्यासांत आधी पारंपरिक स्लाइड बनवून ब्रशवर उरलेलं द्रवात झटकत असत. पहिल्या पद्धतीला मलई आणि दुसरीला खरवड, असा तो प्रकार होता. एकाच बाईकडून दोन ब्रश घेणार असाल तर कोणता आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा, आणि दुसऱ्यावर रक्त जास्त येतं हे लक्षात ठेवा. दोन गट वेगळे घेणार असाल तर कोणती बाई कोणत्या गटात हे दवाखान्याच्या सोयीवर सोडू नका, तेही चिठ्ठीनेच ठरू द्या.

थिनप्रेपमध्ये ब्रश द्रवात खळबळून काढून टाकतात, शुअरपाथमध्ये ब्रशचं टोक व्हायलमध्येच राहतं. ज्या माणसाने वर्षभर एक पद्धत वापरली आहे त्याचा हात दुसरीकडे चुकतो. शुअरपाथच्या द्रवात थोडं फॉर्माल्डिहाइड असतं, त्यामुळे डीएनए जखडलं जातं आणि काही पीसीआर चाचण्यांपूर्वी वेगळी प्रक्रिया करावी लागते. तुमचं किट कोणत्या द्रवासाठी प्रमाणित आहे, हे माहितीपत्रकात शब्दशः वाचा. ज्या द्रवासाठी ते नाही त्यावर ते चालतं असं गृहीत धरू नका.

सॅम्पलचं वयही लिहून ठेवा. फ्रिजमधल्या जुन्या व्हायल नव्या किटवर आणि त्याच व्हायलचा कधीकाळचा ताजा निकाल जुन्या किटचा म्हणून घेतला, तर नवं किट उगीच कमी दिसतं. एमआरएनएच्या बाबतीत तर हे आणखी सांभाळावं लागतं.

स्त्रीने स्वतः घेतलेलं सॅम्पल हा वेगळाच विषय आहे. पीसीआरवर आधारलेल्या चाचण्यांमध्ये ते डॉक्टरांनी घेतलेल्या सॅम्पलच्या तोडीचं ठरलं आहे. हायब्रिड कॅप्चरसारख्या, फक्त संकेत वाढवणाऱ्या चाचण्यांत ते मागे पडतं. सायटोलॉजीसाठी ते उपयोगाचं नाही, कारण हव्या त्या जागेच्या पेशी त्यात येत नाहीत. ज्या बायका लाजेने किंवा भीतीने तपासणीच्या टेबलापर्यंत येतच नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा हा मार्ग आहे. म्हणून नव्या पद्धतीची तुलना करताना "स्वतः घेतलेल्या सॅम्पलवर ती कशी चालते" हा प्रश्न परिशिष्टात ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४: खरं उत्तर कोण सांगणार ते ठरवा

मॅडमचा प्रश्न इथे समोर येतो. आजार आहे की नाही हे दोन्ही किटपैकी कोणीच ठरवू शकत नाही. ते ठरवते कोल्पोस्कोपीखाली घेतलेली बायॉप्सी. आणि अडचण अशी की निगेटिव्ह आलेल्या बाईची बायॉप्सी सहसा कोणी घेत नाही.

समजा फक्त पॅप पॉझिटिव्ह स्त्रियांनाच कोल्पोस्कोपीला पाठवलं. मग पॅपमधून निसटलेला आजार कधी उजेडातच येणार नाही, आणि पॅपची सेन्सिटिव्हिटी कागदावर शंभराच्या जवळ दिसेल. याला पडताळणीचा पक्षपात म्हणतात. जुन्या वाङ्मयात पॅपचे जे भरघोस आकडे दिसतात त्यामागे मोठा वाटा याचा आहे. त्यावर उपाय म्हणजे दोन्हींपैकी कोणत्याही चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीची कोल्पोस्कोपी करायची आणि दोन्हींत निगेटिव्ह आलेल्यांतून चिठ्ठीने निवडलेल्या काही जणींचीही. नंतर त्या प्रमाणात आकडे वाढवून हिशेब करायचा. दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांना बोलावणं शक्य नसेल तर सेन्सिटिव्हिटीऐवजी सापेक्ष सेन्सिटिव्हिटी मांडा, म्हणजे दोघींत मिळून सापडलेल्या आजारापैकी कोणी किती पकडला. ते प्रामाणिक आहे.

बायॉप्सीही शेवटी माणूसच वाचतो. सीआयएन२ वर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत सगळ्यात कमी होतं, सीआयएन३ वर बरंच जास्त. म्हणून निकाल दोन्ही पातळ्यांवर द्या. बायॉप्सी वाचणाऱ्याला, कोल्पोस्कोपी करणाऱ्याला आणि स्लाइड बघणाऱ्याला दुसऱ्या चाचणीचा निकाल माहीत नसावा. "एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आहे" हे कळल्यावर त्याच स्लाइडमध्ये डोळ्याला जास्त दिसू लागतं, हा मानवी स्वभाव आहे.

पायरी ५: दहा हजार स्त्रियांचा तक्ता हाताने मांडा

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी हे एकदा कागदावर करा. कॅनडात १०,१५४ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९४.६ टक्के आणि पॅपची ५५.४ टक्के आली. स्पेसिफिसिटी अनुक्रमे ९४.१ आणि ९६.८ टक्के होती. हिशेबाला सोपे म्हणून ९५ आणि ५५, ९४ आणि ९७ धरू.

दहा हजार स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या शंभर जणींना सीआयएन२ किंवा पुढचा बदल आहे. पॅप ५५ जणींना पकडते, ४५ निसटतात. निरोगी ९,९०० पैकी ३ टक्के, म्हणजे २९७ जणी विनाकारण पॉझिटिव्ह येतात. एचपीव्ही चाचणी ९५ जणींना पकडते, ५ निसटतात, आणि विनाकारण पॉझिटिव्ह येतात ५९४.

आता दोन प्रश्न विचारा. पहिला: पॉझिटिव्ह आलेल्या शंभर जणींपैकी खरोखर आजारी किती? पॅपमध्ये ३५२ पैकी ५५, म्हणजे सुमारे १६ टक्के. एचपीव्हीमध्ये ६८९ पैकी ९५, म्हणजे सुमारे १४ टक्के. फारसा फरक नाही. दुसरा: निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलेल्यांत आजारी किती? पॅपमध्ये ४५, एचपीव्हीमध्ये ५. एचपीव्ही चाचणीची ताकद या दुसऱ्या उत्तरात आहे. निगेटिव्ह रिपोर्टवर जास्त काळ भरवसा ठेवता येतो, म्हणून पुढच्या तपासणीपर्यंतचं अंतर वाढवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए आणि सर्वसाधारण स्त्रियांसाठी ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी तपासणी सुचवली आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी २५ व्या वर्षापासून, ३ ते ५ वर्षांनी.

आणि ५९४ चं काय? ती किंमत आहे आणि ती लपवू नये. दुप्पट स्त्रिया विनाकारण धास्तावतात. त्यासाठीच पॉझिटिव्ह आलेल्यांची दुसरी चाळणी लागते: १६-१८ चं जीनोटायपिंग, सायटोलॉजी, दुहेरी रंग. हाच तक्ता वयाच्या पंचविशीतल्या स्त्रियांसाठी मांडलात तर विनाकारण पॉझिटिव्ह येणाऱ्या आणखी वाढतील, कारण त्या वयात तात्पुरते संसर्ग जास्त असतात.

सेन्सिटिव्हिटीच्या पुढे जाऊन जीव वाचतात का, हे पाहणारे अभ्यास थोडेच आहेत. त्यातला एक उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या आणि एचपीव्ही, सायटोलॉजी, व्हीआयए आणि नेहमीची सेवा असे चार गट होते. २००९ मध्ये निकाल आला: एकाच एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. इतर दोन गटांत तशी लक्षणीय घट दिसली नाही. युरोपातल्या चार चाचण्यांतल्या १,७६,४६४ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात सायटोलॉजीच्या तुलनेत एचपीव्ही चाचणीने आक्रमक कर्करोगापासून ६० ते ७० टक्के जास्त संरक्षण मिळालं.

पायरी ६: नवं एचपीव्ही किट जुन्याशी ताडताना ठरलेले निकष वापरा

प्रत्येक नव्या किटसाठी लाखभर स्त्रियांचा अभ्यास करणं शक्य नाही. म्हणून २००९ मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी एक जवळचा रस्ता घालून दिला आणि तो जगभर वापरला जातो. जे किट मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालं आहे, मुख्यतः हायब्रिड कॅप्चर २, त्याच्याशी नव्या किटची तुलना करायची. सॅम्पल ३० वर्षांवरील, तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची हवीत. सीआयएन२ किंवा पुढचा बदल असलेली किमान ६० आणि तसा बदल नसलेली किमान ८००. नव्याची सेन्सिटिव्हिटी जुन्याच्या किमान ९० टक्के हवी, स्पेसिफिसिटी जुन्याच्या किमान ९८ टक्के.

या दोन आकड्यांतला फरक बघा. स्पेसिफिसिटीत जास्त कडक पट्टी लावली आहे, कारण निरोगी स्त्रियांची संख्या इतकी मोठी असते की तिथे दोन टक्क्यांनी घसरलं तरी शेकडो बायका कोल्पोस्कोपीच्या रांगेत उभ्या राहतात.

पुनरुक्तीसाठी किमान ५०० सॅम्पल हवीत, त्यातली सुमारे ३० टक्के पॉझिटिव्ह. त्याच प्रयोगशाळेत काही काळाने पुन्हा चालवून, तसंच दुसऱ्या प्रयोगशाळेत चालवून, एकमताच्या विश्वासांतराची (कॉन्फिडन्स इंटर्व्हलची) खालची मर्यादा ८७ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि कापा, म्हणजे योगायोगाने जुळणारं वगळून उरलेल्या एकमताचं माप, किमान ०.५ हवा.

तीस टक्के पॉझिटिव्ह कशाला, असं मीही विचारलं होतं. हा हिशेब करून पाहा. ५०० सॅम्पलपैकी दोन्ही पॉझिटिव्ह १४०, फक्त पहिलं १०, फक्त दुसरं १४, दोन्ही निगेटिव्ह ३३६. एकमत ९५.२ टक्के, कापा ०.८९. आता दुसरा संच: दोन्ही पॉझिटिव्ह ५, फक्त पहिलं १०, फक्त दुसरं ५, दोन्ही निगेटिव्ह ४८०. एकमत ९७ टक्के, म्हणजे आधीपेक्षा जास्त, आणि कापा फक्त ०.३९. निगेटिव्हांच्या गर्दीत कोणत्याही दोन चाचण्या एकमेकींशी सहमत दिसतात. माझ्या त्या पहिल्या कागदावरचे ९६ असेच होते.

पायरी ७: मतभेदाची सॅम्पल एकेक करून बघा, पण निकाल बदलू नका

मतभेद झालेली सॅम्पल तिसऱ्या चाचणीवर लावायची आणि तिच्या कौलाप्रमाणे आकडे "दुरुस्त" करायचे, हा मोह फार होतो. करू नका. सहमत सॅम्पलमध्येही दोघी एकत्र चुकलेल्या असू शकतात, त्यांना तुम्ही हात लावत नाही. त्यामुळे दुरुस्ती नेहमी नव्या पद्धतीला झुकतं माप देते. तिसऱ्या चाचणीचा उपयोग कारण शोधण्यापुरता ठेवा आणि मूळ आकडा तसाच छापा.

कारणं ठराविक असतात. सीमारेषेच्या अगदी जवळचं मूल्य, म्हणजे पीसीआरमध्ये उशिराचं सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेल्या फेऱ्यांची संख्या) किंवा हायब्रिड कॅप्चरमध्ये एकच्या आसपासचं गुणोत्तर, पुन्हा चालवलं की उलटतं. हायब्रिड कॅप्चरचे प्रोब कधी यादीबाहेरच्या प्रकारांनाही चिकटतात. विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत मिसळताना कधी एल१ चा भाग तुटतो आणि ई६-ई७ टिकतात, अशा वेळी एल१ शोधणारी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. रक्त जास्त असेल तर पीसीआर अडतो. आणि सायटोलॉजी पॉझिटिव्ह, एचपीव्ही निगेटिव्ह असं आलं तर घाईने "सायटोलॉजीची चूक" म्हणू नका. जठरासारख्या पेशींचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा एचपीव्हीशिवाय होतो. तो दुर्मीळ असला तरी आहे. एचसिल (पेशींतला जास्त दर्जाचा बदल) किंवा ग्रंथींच्या पेशींत बदल दिसला तर त्या बाईला एचपीव्ही निगेटिव्ह असूनही पुढे पाठवायलाच हवं.

पायरी ८: रोजच्या कामात पद्धत कशी वागते ते मोजा

सायटोलॉजीचा दर्जा माणसावर उभा असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ॲस्कस (पेशींत संशयास्पद, पण निश्चित न सांगता येणारा बदल) म्हणून नोंदवलेल्या स्लाइड तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या तेव्हा फक्त ४३ टक्क्यांवर तेच मत कायम राहिलं. थकव्याचाही प्रश्न असतो, म्हणून तिथल्या नियमात एका माणसाने २४ तासांत पाहायच्या स्लाइडची कमाल मर्यादा १०० आहे. तुलनेत तुमच्या सगळ्यात अनुभवी वाचकाला एका पद्धतीवर आणि नव्या मुलाला दुसरीवर बसवलंत तर तुम्ही माणसांची तुलना केली. बेथेस्डा या अहवाल लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीने स्लाइड पुरेशी आहे का तेही आधी नोंदवा: पारंपरिक स्लाइडवर साधारण ८,००० ते १२,००० आणि एलबीसीवर किमान ५,००० स्क्वॅमस पेशी. अपुऱ्या स्लाइड हिशेबातून गुपचूप वगळू नका. त्या बाईला परत बोलवावं लागतं आणि बोलावलेली प्रत्येक जण येत नाही.

मॉलिक्युलर बाजूला दूषितता हा मुख्य शत्रू आहे. वाढवलेल्या डीएनएच्या खोलीतून स्वच्छ खोलीत उलटं यायचं नाही, पिपेट आणि कोट वेगळे ठेवायचे. प्रत्येक रनमध्ये निगेटिव्ह कंट्रोल लावा, आणि किट स्वीकारण्यापूर्वी एकदा जोरदार पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सॅम्पल आळीपाळीने लावून शेजारच्या खान्यात (वेलमध्ये) काही सांडतं का ते बघा. इनव्हॅलिड निकालांचं प्रमाण वेगळं मोजा.

एका रनला किती सॅम्पल साठल्याशिवाय यंत्र चालवणं परवडत नाही, हेही लिहा. रोज दहा सॅम्पल येत असतील आणि किट नव्वदांचं असेल तर रिपोर्ट नऊ दिवस थांबतो. एक्सपर्टसारखं एकेका सॅम्पलचं, तासाभरात उत्तर देणारं यंत्र तिथे वरचढ ठरतं, कारण बाई दवाखान्यात असतानाच तिला पुढचं सांगता येतं.

पायरी ९: अहवाल लिहा

त्यात इतकं तरी असावं: स्त्रियांचं वय आणि त्या तपासणीसाठी आल्या होत्या की तक्रार घेऊन, सॅम्पल कोणी आणि कशात घेतलं, ते किती दिवसांनी चालवलं, बायॉप्सी कोणाकोणाची झाली आणि कोणाची नाही, दोन-गुणिले-दोन तक्ता आजार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांसाठी वेगवेगळा, प्रत्येक टक्क्यासोबत विश्वासांतर, अपुऱ्या आणि इनव्हॅलिड सॅम्पलची संख्या, आणि मतभेदाच्या सॅम्पलची यादी. सीमारेषा किटची मूळ होती की तुम्ही आकडे पाहून हलवली, हे स्पष्ट लिहा. आकडे पाहून हलवली असेल तर नव्या सॅम्पलवर पुन्हा तपासल्याशिवाय ती वापरू नका.

नवी पद्धत स्वीकारल्यावर पहिले काही महिने दर आठवड्याला पॉझिटिव्हचं प्रमाण एका आलेखावर मांडत जा. एखाद्या आठवड्यात ते अचानक चढलं किंवा उतरलं, तर रिपोर्ट पाठवण्याआधी किटचा लॉट, ब्रशची खेप आणि त्या आठवड्यात सॅम्पल कोणी घेतली ते बघा. आणि ज्या स्त्रियांचा आजार जुन्या पद्धतीत सापडला पण नवीत निसटला, त्यांची नावं कोल्पोस्कोपी विभागाकडे गेली आहेत ना, हे अहवालावर सही करण्यापूर्वी स्वतः फोन करून विचारा.